जावेच्या गोळ्या

शकुनच्या पोटात दुखायचं ते जावेच्या गोळ्यांवरून. बाळापुरात फुलं पिकवणारं त्यांचं घर एक, चूल एक, पण जाऊ मंदाचा भाऊ पडला मेडिकलवाला. मंदाच्या पोराला नुसती शिंक आली की तेज अँटिबायोटिक हजर. शकुनच्या जुईला मात्र तुळशीचा काढा. वर सासू म्हणायची, "मंदाचं माहेर कामाचं आहे बाप्पा!"

मग जुईला थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. शकुननं मंदाकडून तीच गोळी हक्कानं मागून घेतली. ताप उतरेना. शेवटी अकोल्याला नेलं. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जंतूंवर ती गोळी चालत नाही. भरती करून इंजेक्शनं द्यावी लागतील."

"असं कसं? माह्या पोरीनं याआधी एकबी गोळी खाल्ली नाही!"

"तिनं नाही, पण घरानं खाल्ली, गावानं खाल्ली. गोळीला पुरून उरलेले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात."

संध्याकाळी मंदा डबा घेऊन आली. "कशी आहे व माही जुई?"

शकुन उसळली. "तुह्या पोराच्या शिंकांवर माह्या पोरीचं औषध उडवलं तू!"

मंदा रडायला लागली. शकुनला रडूही येईना. आपला भाऊ मेडिकलवाला असता तर आपणही हेच केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच राग जास्त येत होता.