मंत्रालयाच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट

मित्रांनो, दुबईतल्या एका सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पॅन्ट्रीच्या दाराशेजारी एक पिवळट पडलेली गोल चकती दिसेल. ती मी, एसीचा जुना थर्मोस्टॅट. माझ्यावर अठरापासून तीसपर्यंत आकडे आहेत. हवामान, वीज आणि व्यापार यांची धोरणं जिथे ठरतात, त्या मंत्रालयात माझी नेमणूक झाली होती. उगाच कुठल्या दुकानात नाही!

काय दिवस होते ते! बाहेर ऊन रणरणायचं. माणसं घामाघूम होऊन आत यायची आणि आधी माझ्याकडे धाव घ्यायची. मी एक आकडा खाली सरकलो की छतातलं मशिन घुंऽऽ करून सुरू व्हायचं. आमच्या ऑफिसातली वसईची बेटी मॅडम मात्र सदा कुडकुडणारी. "नागेश, गारठले रे बाबा, जरा वाढव ना!" असं ती म्हणायची. मग चहा देणारा नागेश ट्रे बाजूला ठेवून मला अलगद पंचविसावर न्यायचा. त्याच्या बोटांना वेलचीचा वास असायचा. एकोणीस वर्षं ती बोटं माझ्या ओळखीची आहेत.

दोन वर्षांपूर्वी वीज वाचवायचं फर्मान निघालं. सगळ्या मजल्यांवर चोवीस, आणि ताबा तळघरातल्या कॉम्प्युटरकडे. अरुण टेक्निशियन आला, त्याने माझी वायर कापली आणि मला पुन्हा भिंतीवर बसवलं. "काढला तर भोक दिसेल, राहू दे इथेच," असं तो पुटपुटला. बाकी कुणाला त्याने काही सांगितलं नाही.

गंमत बघा, लोक मला फिरवतच राहिले! "हां, आता बरं वाटतंय," असं बेटी मॅडम म्हणायची. अगं बाई, मी कुठे काय केलं? पण खरं सांगतो, त्या स्पर्शासाठी मी रोज आसुसलेला असायचो. शुक्रवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं झालं की सोमवार उजाडेपर्यंत जीव नुसता कासावीस व्हायचा.

मग या उन्हाळ्यात आमच्या मजल्याची वीज जवळजवळ दुप्पट जळली. ॲडमिनच्या हमीदा मॅडम तरातरा आल्या. मी नेमका अठरावर.

"ये तूने किया, नागेश?"

"जी मॅडम. मेहमान को गर्मी हो रही थी."

झालं! खरं बोलला आणि अडकला. त्याच्या व्हिसाच्या रिन्यूअलचा कागद हमीदा मॅडमनी थांबवला. व्हिसा महिनाअखेरीस संपणार होता, म्हणजे नागेशला गाशा गुंडाळून गावी जावं लागणार. पॅन्ट्रीत तो तोच कप पुन्हा पुन्हा धूत राहिला. आणि मी, सगळं ठाऊक असलेला, भिंतीवर मुका.

"मीच तर सांगायचे रे तुला फिरवायला," बेटी मॅडम रडवेली झाली. तिनेच अरुणला फोन लावला. "बाबा, एकदा येऊन तपास तरी. यल्ला, चल लवकर, आत्ताच ये."

अरुण आला. हमीदा मॅडम, नागेश, बेटी, सगळे माझ्यासमोर उभे. स्क्रू ड्रायव्हर माझ्या कडेला लागला, तेव्हा मित्रांनो, क्षणभर मला वाटलं की स्क्रू गंजलेला असावा, सुटूच नये. लाज वाटते सांगायला. मग नागेशचा चेहरा दिसला आणि मी स्वतःला सैल सोडलं.

झाकण निघालं. मागे नुसतं भोक, वायरच नाही.

"मॅडम, इसका कनेक्शन तो मैंने कब का काट दिया," अरुण ओशाळून म्हणाला. "गडबड ऊपर मशिन में होगी." आणि बिघाड तिथेच सापडला. कागदावर त्याच दिवशी सही झाली. बेटी मॅडमने नागेशला स्वतः चहा करून दिला.

मला पुन्हा बसवलंय, पण आता मला कुणी हात लावत नाही. नागेश रोज फडक्याने पुसतो, तोही आकड्यांना धक्का न लावता.

मित्रांनो, कुणावर ठपका ठेवण्याआधी झाकण उघडून बघत चला, एवढंच सांगायचं होतं. आणि कधी या मजल्यावर आलात, तर मला एकदा फिरवा हो. काही गार होणार नाही, ठाऊक आहे मला. तरी फिरवा.