बटणताईचे सोळा पडदे

बटणताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, तिची मावशी. आणि तीसुद्धा चिडली की ‘कार्टे’ म्हणायची. बाकी सगळ्यांची ती बटणताई. बावीस वर्षं तिने एकाच बँडचा आवाज सांभाळला होता. स्टेजवर लांबू आणि घोगरी गिटार घेऊन उभे राहायचे, मागे ड्रमवाला जीव खाऊन बडवायचा, पुढे हजारो माणसं उड्या मारायची, आणि त्या गर्दीच्या पार मागे, पलंगाएवढ्या फळीवर दोनशे बटणं पसरून बटणताई बसायची. घोगरीने एक बोट वर केलं की तिचा आवाज वाढवायचा. तळहात आडवा धरला की पुरे. दोघींमध्ये बावीस वर्षांत तोंडाने झालं नसेल एवढं बोलणं त्या बोटाने झालं होतं.

यंदाच्या थंडीत मात्र लांबू आणि घोगरीच्या डोक्यात नवंच काहीतरी शिरलं. माइक नको, स्पीकर नको, ड्रम नको. दोन गिटार, दोन गळे, पन्नास माणसं. रविवारी दुपारी चारला. एखादी खोली मिळाली की झालं. मावशीचा पडदे शिवायचा कारखाना रविवारी बंद असतो, वर लाकडी जमीन आणि उंच छत, हे बटणताईच बोलून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण लगेच घोगरीने तिच्या खांद्यावर हात टाकला. “आणि बटणे, या वेळी तू काही करायचं नाहीस. पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. किती वर्षं लांबून बघतेयस आम्हाला!”

“जमलं, तर पुढचं वर्षभर असंच करू म्हणतोय,” लांबू म्हणाला.

दोघंही इतक्या प्रेमाने बोलले की रागावायची सोय नव्हती. बटणताई हसली, घरी आली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली. पहिल्या रांगेत कोणाला बसवतात? पाहुण्यांना, नाहीतर रिटायर झालेल्यांना. ती पाहुणी तर नव्हती.

रविवारी सकाळी नऊला ती हत्यारांची पिशवी घेऊन कारखान्यात हजर.

“तुला ऐकायला बोलावलंय ना?” मावशीने दार उघडत विचारलं. “मग हा पाना-पक्कड कशाला? कान पिळायला?”

“खोली बघते जरा.”

“चाळीस वर्षं मी बघतेय. चार भिंती आहेत.”

बटणताईने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी भिंतीवर गेली, छतावर गेली, आणि हुंदडून परत आली. ती नाक मुरडून म्हणाली, “फार वाजतेय.” मग कामाला लागली. गुणगुणणारी ट्यूबलाइट काढली. ठिबकणाऱ्या नळाच्या तोंडाला चिंधी बांधली. दाराच्या बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. घड्याळ काढून कापसाच्या पोत्यात पुरलं. तरी टाळी परत येतच होती. तेव्हा तिची नजर गेली कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांवर. एका हॉटेलसाठी शिवलेले सोळा पडदे, जाडजूड, तिहेरी अस्तराचे.

“त्यांना हात लावायचा नाही,” मावशी म्हणाली. “उद्या गिऱ्हाइकाकडे जायचेत.”

“मावशी, लटकवायलाच शिवलेत ना ते?”

मावशी ‘कार्टे!’ म्हणेपर्यंत चार पडदे लटकले होते. दुपारपर्यंत सोळाही लागले, चारी भिंती झाकल्या गेल्या. बटणताईने पुन्हा टाळी वाजवली. टाळी गेली ती गेलीच. आता तिचं समाधान झालं. तिचा बावीस वर्षांचा धडा हाच होता: हॉल कसलाही असो, आधी त्याचा सगळा नाद मारायचा, मग आपल्या बटणांनी त्यात हवा तेवढा जीव भरायचा.

लांबू आणि घोगरी आले ते साडेतीनला, रस्त्यात टायर पंक्चर करून. तालीम करायला वेळच उरला नाही. लोक जिना चढू लागले. जाड कोट, मफलर, लोकरीच्या टोप्या. कोणी खुर्च्यांवर, कोणी कापडाच्या ठाणांवर, चौघं तर कापायच्या टेबलावर पाय सोडून. हजारोंच्या गर्दीत या दोघांना मुंगीएवढं बघितलेली माणसं आता त्यांच्या बुटांची लेस मोजू शकत होती, आणि लाजून एकमेकांकडे बघून हसत होती.

पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर कागद चिकटवला होता: ‘बटणताई’. बटणताईने तो पाहिला, आणि आपल्या सवयीने सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली.

घोगरीने पहिली ओळ उचलली. तिचा तो खरखरीत, गूळ जरा जास्त शिजल्यासारखा आवाज तोंडातून निघाला आणि दोन हातांवर जाऊन मटकन बसला. लांबूची गिटार तर कोणी घोंगडीत गुंडाळून वाजवतंय अशी. टेबलावरची माणसं माना पुढे काढून ऐकू लागली. घोगरीने जोर लावला, गळ्याची शीर फुगली.

शेजारी उभी मावशी कुजबुजली, “अगं, ही उशीत तोंड खुपसून का गातेय?”

बटणताईने चारी भिंतींवरून नजर फिरवली. सोळा पडदे, वर पन्नास कोट. नाद मारायचं काम तिने चोख केलं होतं. पण जीव भरायची बटणं आज होती कुठे? घरी, खोक्यात, कुलूप लावून. कार्यक्रम फसला, तर पुढच्या वर्षी पुन्हा माइक आणि पुन्हा आपली फळी, हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं. अर्धा श्वासभर ते चांगलंही वाटलं.

तेवढ्यात गाता गाता घोगरीची नजर गर्दीच्या मागे आली, थेट तिच्यावर थांबली, आणि सवयीने एक बोट वर झालं.

बटणताईचा हात बटण शोधत पुढे झाला. बटण नव्हतं. पडदा होता. तिने तो धरला, हुकांसकट खाली ओढला.

“शिवण!” मावशी जोरात ओरडली. लोक दचकून वळले. लांबूची बोटं अडखळली, पण थांबली नाहीत.

मागची भिंत हातभर उघडी झाली आणि घोगरीचा आवाज तिथे जाऊन आपटून परत आला. बोट अजून वरच होतं. बटणताईने दुसरा ओढला. तिसरा उंचावर होता. लोकरी टोपीवाला एक ढेरपोट्या माणूस उठला आणि त्याने तो अलगद उतरवून तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला. “आता हा कुठे ठेवू?” त्याने घाबरून विचारलं. “धरून ठेवा,” बटणताई म्हणाली. “हलू नका.”

लोक हसायला लागले. घोगरीही हसली, त्यामुळे एक ओळ चुकली, ती पन्नास जणांनी पुरी केली. सात पडदे उतरले तेव्हा खोली अशी काही वाजू लागली की लाकडी जमीनसुद्धा तिसरी गिटार झाली. घोगरीचा तळहात आडवा झाला. पुरे.

मग काय! पुढचे दोन तास बटणताईला दम घ्यायला फुरसत नव्हती. लांबूचं जोरकस गाणं आलं की दोन पडदे चढव. घोगरीचं हळुवार गाणं आलं की तीन उतरव. टेबलावरच्या चौघांना तिने डावी भिंत वाटून दिली. टोपीवाला तर शेवटी शेवटी न सांगता, तिच्या भुवईकडे बघून पडदा अर्धा दुमडू लागला. पहिल्या रांगेतल्या त्या कागदवाल्या खुर्चीवर आता मावशी जाऊन बसली होती, एक डोळा गाण्यावर, एक शिवणीवर, आणि पाय मात्र मशीन चालवल्यासारखा तालात हलत होता.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा कोणी टाळ्याच वाजवेना. लांबूच्या शेवटच्या तारेचा नाद छताखाली फिरत होता, तो विरेपर्यंत सगळे थांबले. मग मात्र टाळ्यांनी पडदे हलले.

लोक गेल्यावर घोगरी कपाळ पुसत आली. “तुला बसायला सांगितलं होतं ना?”

“खुर्ची करकरत होती.”

“काहीही!” घोगरीने तिला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, “पहिल्या गाण्याला मला वाटलं, गेलं सगळं. तू दिसलीस आणि बोट आपोआपच वर गेलं. तू खुर्चीवर असतीस तर कुठे बघितलं असतं गं मी?”

लांबू गिटार पेटीत ठेवत होता. त्याने घसा खाकरला. “पुढची जागा पोहण्याचा तलाव आहे. रिकामा केलेला. सगळीकडे फरशी. किती पडदे लागतील?”

बटणताईने डोळे मिटले. फरशीवर टाळी वाजली तर ती सात वेळा परत येईल, तिला ऐकूसुद्धा आलं.

“आधी टाळी वाजवून बघते. बुधवारी किल्ली आणून ठेव. आणि या वेळी टायर बघून निघा, तालीम झाल्याशिवाय मी दार उघडणार नाही.”

“हॉटेलचे पडदे मात्र नाही मिळायचे,” मावशी खुर्चीवरूनच म्हणाली. ती एक पडदा मांडीवर घेऊन निसटलेला हुक टाचत होती. “तलावाच्या मापाचे वेगळे शिवावे लागतील. बुधवारी मीही येते. माप घ्यायला हिला कुठे जमतंय!”