तळघरातलं रडणं

नवऱ्याला रक्ताचं वेड होतं, म्हणजे पडद्यावरच्या. घरी टोमॅटो चिरताना बोट कापलं की स्वारी कॉटवर आडवी आणि त्याच्या आईसकट अख्खं घर धावपळीत. पण पडद्यावर कोणाचं आतडं बाहेर आलं की हा खुर्चीत पुढे सरकून सांगणार की रंग फार गुलाबी झालाय, बजेट कमी पडलेलं दिसतंय. 'कसाई' नावाच्या खुन्याचा पहिला सिनेमा तर त्याला तोंडपाठ होता. इंटरनेटवर त्याचा चॅनल होता आणि तिथे तो असल्या सिनेमांची पिसं काढायचा. लोक त्याला रक्तपारखी म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग खरोखर मानाने म्हणू लागले. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांचे चेक तपासणाऱ्या माणसाला एवढा मान आणखी कुठे मिळणार होता?

बायको साउंड स्टुडिओत कामाला होती. सिनेमात जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं तिच्यासारखी माणसं बंद खोलीत बसून तयार करतात. ओल्या फडक्यात गाजरं गुंडाळून पिळली की मान मोडते, कोबीचा गड्डा हाणला की डोकं फुटतं. लग्न झालं तेव्हा तिने हे मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की म्हणजे तू भाजी चिरायचा पगार घेतेस. हा विनोद पुढे त्याने येईल त्या पाहुण्याला ऐकवला. पहिली दोन वर्षं तीही हसायची.

मग त्यांचं मूल गेलं. जन्मलंच नाही, सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. तिला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर नवऱ्याने सगळं रीतसर केलं. गोळ्या वेळेवर दिल्या, उशी बदलली, 'होतं असं, पुन्हा होईल' म्हणाला आणि त्याच आठवड्यात एका नव्या सिनेमावर व्हिडिओही टाकला. त्यात तो नेहमीसारखाच हसत होता. तिला वाटलं, याच्या छातीत काळीज आहे की दगड.

पण एका दुपारी बाथरूमचा नळ फार वेळ जोरात चालू राहिला आणि त्या पाण्याआड कोणीतरी रडत होतं. कान हीच जिची रोजीरोटी, तिची चूक व्हायची नाही. ती भिंतीला धरून दारापाशी गेली. हात सवयीने चालला. तिने मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो दाराखालच्या फटीशी धरला. नंतर तिला लाज वाटली, पण तिने ते पुसलं नाही. कामावर रुजू झाल्यावर तिने त्यातला नळ काढून टाकला. उरलं ते नुसतं रडणं. तो टाकून बोलला, चारचौघांत हसला, की ती हेडफोन लावून ते ऐकायची. हाही रडला होता, एवढ्याच आधारावर ती त्याच्याबरोबर नांदत होती.

त्याला सरळ विचारून तिने दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, कशाला उकरून काढतेस, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तिचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशात 'कसाई'चा दुसरा भाग तिच्याच स्टुडिओत कामाला आला. त्यात एक माणूस तळघरात बांधलेला असतो, वर कसाई सुरी पाजळत असतो आणि अंधारात त्याचं नुसतं रडणं ऐकू येतं. एकामागून एक नट येऊन रडून गेले. दिग्दर्शकाला एकही पटेना, सगळे अभिनय करतात म्हणे. तेव्हा तिने जुन्या साठ्यातलं म्हणून ते रेकॉर्डिंग लावलं. दिग्दर्शकाने डोळे मिटून ऐकलं आणि हा कोण म्हणून विचारलं. मेला तो, असं सांगून ती मोकळी झाली.

त्यात सूड नव्हता असं नाही. तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांसमोर त्याला रडायला लावण्यात तिला गोड गुदगुल्या होत होत्या. पण खरी आशा वेगळीच होती. घरात त्याला बायकोचं वाक्य ऐकू येत नसे आणि थिएटरात सुरीच्या आवाजावरून तो सुरीची लांबी सांगायचा. जिथे त्याचे कान उघडे असतात तिथेच त्याला स्वतःचं रडणं ऐकू जाईल. मग हिला माहीत आहे हे त्याला कळेल, आणि एकदा तरी तो त्या मुलाविषयी बोलेल. तिला तेवढंच हवं होतं.

सिनेमाला ती त्याच्या शेजारी बसली आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे पाहत राहिली. तळघराचा प्रसंग आला, अंधार झाला, रडणं सुरू झालं. तो पुढे सरकला. मग त्याने पलीकडे बसलेल्या मित्राला कोपर मारलं आणि तो हसला.

मत रेकॉर्ड करायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी घरातच झाला. हा मित्र कॅमेरा धरायचा. त्याला सगळे जाड्या म्हणत आणि आता तोही त्या नावाला ओ देई. रक्तपारखी सोफ्यावर मांडी ठोकून बसला आणि त्याने दुसऱ्या भागाची सालटी काढायला घेतली. रक्त पातळ, सुरी नवीकोरी, आणि कसायाला म्हणे दुःखी बालपण दिलंय, म्हणजे वाघाची नखं काढून त्याला दूधभाकरीवर आणलंय. दहापैकी चार. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग त्याने मोबाइलवर ट्रेलर लावला, कारण रडण्याचा तुकडा त्यातही होता.

"हे ऐका," तो कॅमेऱ्याला म्हणाला. "असं कोणी रडतं का? खोटं, शंभर टक्के खोटं. या माणसाचं आयुष्यात काही गेलेलं नाही. भाड्याने रडतोय."

आणि त्याने नक्कल करून दाखवली, नाक ओढत, खांदे उडवत. जाड्या इतका हसला की कॅमेरा हलला. ज्या एका गोष्टीवर तिचा विश्वास होता, त्या गोष्टीलाच तो स्वतःच्या तोंडाने खोटं म्हणत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. नकलेवर नाही, मोबाइलमधल्या आवाजावर आल्या होत्या. काय झालं, का रडतोयस, असं त्यांनी मुलाला विचारलं. सिनेमातला माणूस आहे, असं तो म्हणाला.

"मला नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकतेय. शेवटी हुंदका गिळतोस ना, तो तुझाच."

त्याने तुकडा पुन्हा लावला. आता त्याने मोबाइल कानाशी धरला होता. ऐकता ऐकता त्याचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने हळूहळू मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तुझंच आहे," ती म्हणाली. "आपण हॉस्पिटलमधून आल्यानंतरचं. बाथरूममधलं. मी दाराबाहेर उभी होते."

त्याचं तोंड उघडलं. तिने आजवर ज्याची वाट पाहिली ते आता येणार असं तिला वाटलं. त्याची हनुवटी थरथरली, हे तिने नक्की पाहिलं. मग त्याची नजर जाड्याकडे गेली, चालू कॅमेऱ्याकडे गेली.

"ती दाढ," तो म्हणाला. "अक्कलदाढ. आई, तेव्हाच काढली होती ना?"

सासूबाईंनी क्षणभर आठवून मान डोलावली. गाल किती सुजला होता, असंही त्या म्हणाल्या. आणि दाढ खरोखरच त्या दिवसांत काढली होती. बेसिनमध्ये पडलेला रक्ताचा कापूस तिने स्वतः उचलून टाकला होता. ते तिला आत्ता आठवलं.

जाड्या खोखो हसत सुटला. नवऱ्याला ते हसू म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. तो सावरून बसला आणि थाटात म्हणाला की मंडळी, आपले शब्द मागे, अख्ख्या सिनेमात अस्सल अशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे आपली दाढ. चाराचे पाच करतो.

जाड्या गेल्यावर तो खाली बसून कॅमेऱ्याची वायर गुंडाळू लागला. सासूबाई आत गेल्या होत्या. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरंच दाढ होती?" तिने विचारलं.

तो वेटोळ्यावर वेटोळं घालत राहिला. मान वर केली नाही.

"बाहेर उभी होतीस ना," तो म्हणाला. "मग दार वाजवायचं होतंस."

वायर पिशवीत टाकून तो व्हिडिओ कापायला आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने तिकडून रडणं ऐकू येऊ लागलं. थांबायचं, मागे जायचं, पुन्हा सुरू व्हायचं. नेमकं कुठे तोडलं तर लोक जास्त हसतील ते तो शोधत होता. ती सोफ्यावर बसून ऐकत राहिली. दार तिने वाजवलं नव्हतं, हे खरं होतं. त्या दुपारी तो आत रडत होता आणि ती बाहेर वाकून, आवाज नीट येतोय की नाही, ते पाहत होती.