आयलीच्या छतातलं रक्त

"पडला! थेंब पडला!"

आयली कोस्केलाच्या शेजघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. पलंगावर पांढरीशुभ्र चादर अंथरलेली, तिच्यावर छतातून लाल थेंब टपटपत होते. बायका रडत होत्या. पुरुष टोप्या छातीशी धरून उभे होते. आणि फिरता धर्मोपदेशक ब्रदर क्लाइड डोळे मिटून गर्जत होता, "रक्ताला वाट ठाऊक असते, बंधूंनो! एवढं मोठं घर, पण ते टपकतं कुठं? हिच्याच पलंगावर!"

आयलीचा नवरा राइनो शरदात सरोवरात बुडाला होता. नाव उलटली, एवढंच. मी गावची डॉक्टर, प्रेत मीच तपासलं होतं. पाण्याशिवाय त्याला कुणी मारलं नव्हतं. पण जानेवारीत छतावर पिवळट डाग उमटले, तिच्या सासूबाई हिल्याबाई घाबरल्या आणि त्यांनी या ब्रदरला घरात घेतलं. तो एकटाच माळ्यावर जाऊन "शुद्धी" करून आला, आणि डाग लाल झाले. मग त्यानं फर्मान काढलं: चुलीवर रात्रंदिवस पाण्याची भांडी उकळत ठेवा, पवित्र वाफेनं आत्मा बोलका होतो. आणि हो, आत्म्याला शांती हवी तर हे घर प्रार्थनेला द्या, ही बाई बाहेर काढा. आत्म्यांना घरादारातलं फार कळतं!

त्या गर्दीतून निघून मी खालच्या खोलीत हिल्याबाईंचं ब्लडप्रेशर तपासत होते. एवढ्यात आयलीची किंकाळी आली. अंगावर काटा आणणारी.

धावत वर गेले. धाकटा दीर ऊर्हो तिचा उजवा हात मनगटाशी धरून तापलेल्या शेगडीच्या पत्र्यावर दाबत होता.

"सांग वहिनी, दादाला तूच मारलंस ना? निष्पाप असशील तर भाजणार नाही!"

"भावजी, सोडा! तुमच्या पाया पडते!"

कातडं जळल्याचा वास खोलीभर पसरला. इतकी माणसं, पण एकही हात पुढे आला नाही. मी ऊर्होच्या दंडाला कडकडून चावले. त्यानं मला असं भिरकावलं की भिंतीवर आपटून माझा ओठ फाटला.

"डॉक्टरीणबाई, घरच्या भानगडीत पडू नका!"

"घरची भानगड? अरे, रक्त माळ्यावरून येतंय ना? मग वर जाऊन बघितलंय कुणी?"

सगळ्यांच्या नजरा छताकडे वळल्या. ब्रदरचे डोळे मात्र एकदम उघडले. "वर जाईल तो मरेल! आत्मा खवळलाय!"

"मग मीच मरते."

मी माळ्याच्या शिडीवर चढले. ब्रदरनं खालून माझा पाय धरला, ओढला. मी दुसऱ्या पायानं त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात पडला असावा. मागून ऊर्हो मला खाली खेचायला चढला, आणि तोही वर येऊन थबकला.

माळ्याला मधोमध फळ्यांची भिंत होती. पलीकडचा भाग कोरडा ठणठणीत. अलीकडे, आयलीच्या खोलीवर, छपरातून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्यावर बर्फाचा पांढरा गोळा. दुपारच्या उन्हानं छप्पर तापलं होतं, गोळे वितळून फळ्यांवर गळत होते. मी एक गोळा तळहातावर वितळवला. नितळ पाणी.

"आणि हे?" मी फळ्यांच्या फटीत बोट फिरवलं. लाल भुकटी.

ऊर्होनं ती चिमटीत घेतली, हुंगली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हा तर कोठाराला लावायचा रंग... माझ्याच पिंपातला. ब्रदर त्या दिवशी कोठारात प्रार्थना करायला गेला होता..."

"वहिनी!" तो वरूनच ओरडला. "पलीकडं कोरडं कसं?"

खालून आयलीचा रडवेला आवाज आला. "तिकडच्या फळ्या उचकटून राइनोनं खाली कागदाचा भुसा भरला होता, थंडीसाठी. आमच्या खोलीवरचं काम राहिलं. तेवढ्यात तो गेला."

सगळं उलगडलं. जिथं फळ्यांखाली भुसा ठासला होता, तिथं घरातली ऊब आणि दमट हवा खालीच राहिली. जिथं नव्हता, तिथं ती फटींतून वर चढली, थंड खिळ्यांवर गोठली आणि ऊन पडताच गळू लागली. या माणसांचे श्वास आणि ती पवित्र वाफ! ब्रदरनं फक्त चिमूटभर रंग घातला होता.

ऊर्हो खाली उतरला तो थेट ब्रदरच्या नरड्यावर. क्षणात सगळी खोली त्याच्यावर तुटून पडली. मघाशी हुंदके देणाऱ्या बायकासुद्धा. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"थांबा!" आयली ओरडली. भाजलेला हात तिनं छातीशी धरला होता. "मघाशी मी होते, आता हा. तुम्हाला मारायला कुणीतरी लागतंच का?"

हात हळूहळू खाली आले. ब्रदरला शेरीफच्या पोलिसांनी नेलं. ऊर्होलाही नेलं; साक्ष आयलीनंच दिली. "भावजी, रंग त्यानं टाकला होता, हात तुम्ही धरला होता," ती भर कोर्टात म्हणाली.

उन्हाळ्यात तिनं उरलेल्या फळ्या उचकटून घेतल्या, फटी बुजवल्या, खाली भुसा भरून घेतला. पुढच्या हिवाळ्यात छत कोरडं राहिलं. तिच्या उजव्या हाताची बोटं मात्र आजही पुरती मिटत नाहीत. जखमेवर नवी कातडी शिवण्याचं काम मी केलं, तेवढंच मला जमलं.

तेव्हा माझं ऐका. तुमच्या घरी काही टपकलं, हललं, बोललं, तर आधी शिडी लावा आणि वर चढून बघा. एखाद्या बाईकडे बोट दाखवणारा माणूस तुम्हाला वर जाऊ देत नसेल, तर त्याच्यासमोर गुडघे टेकू नका. त्याला बाजूला सारा आणि चढा.