गुरुवारचा घास

"दत्त्या, गुरुवारी मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय पानावर बसायचं नाही. दत्तमहाराजांच्या पायाशी कोण बसलेलं असतं, आठव."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिचा आवाज दत्तप्रसादच्या कानात ताजा होता. आज मात्र, मॅनेजर उमरसाहेब टॉर्च घेऊन खणावर वाकले असताना, तो त्याला ऐकवेना.

खणात कुत्रा होता. दोनशे वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच रोमँटिक चित्रकाराने मोठं चित्र काढण्याआधी कागदावर तैलरंगात केलेलं सरावाचं चित्र. पंजांवर हनुवटी टेकलेली, मागचे पाय दोन तपकिरी रेषांत अर्धवट सोडलेले. डोळा मात्र इतका जिवंत, की हाक मारावीशी वाटे. चित्राचा मालक दुसऱ्या देशात राहायचा. चित्र दुबईतल्या या गोदामाच्या थंड खोलीत तीन वर्षं ठेवलेलं होतं. अशी चित्रं बांधायची, उचलायची, जपायची, हे दत्तप्रसादचं सतरा वर्षांचं काम.

आता कुत्र्याच्या जबड्याची कड झुरळांनी कुरतडली होती. खणाच्या कोपऱ्यात पोळीचा चुरा होता, आणि गुळाचा चिकट डाग.

"खाना अंदर कौन लाया?"

खोलीची झाडलोट दापोलीच्या हमीदकडे. उमरसाहेबांनी पुढे विचारलंच नाही. "खलास, हमीद. कल से मत आना."

हमीदने दत्तप्रसादकडे एकदा पाहिलं, आणि झाडू भिंतीला नीट टेकवून तो निघून गेला.

दुबईत आल्यावर पहिली कित्येक वर्षं दत्तप्रसाद दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचा. अल मनखूलच्या गल्ल्यांत कुत्रं दिसायचं नाही. एकदा दिसलं, तर वॉचमनने पोळीसकट दोघांना हाकललं. मग तीन वर्षांपूर्वी हा खण त्याच्या ताब्यात आला. गूळपोळीचा तुकडा कुत्र्यापुढे ठेवायचा, हात जोडायचे, दुपारी उचलून पक्ष्यांना टाकायचा. ज्या माणसाने उभा जन्म कागद जपण्यात घालवला, त्याला गुळाचं भान राहिलं नाही. देवाचं म्हटल्यावर त्यातून काही वाईट होईल, हे मनातच आलं नाही.

हमीदने एकदा पाहिलं होतं. "तुझा देव कागदाच्या कुत्र्यावर भागवतो होय रे?"

"भाव असला की भागतं."

"मग घाल. मी काय नाय बघितला."

संध्याकाळी तो हमीदच्या खोलीवर गेला. रोजा सुटला होता. हमीदच्या बायकोने, हलिमाने, त्याच्यापुढे खजूर ठेवले.

"घ्या भावजी." तिचे डोळे सुजलेले होते. "गावी फोन पोचला. रमजानात दिवसाढवळ्या चोरून खाल्लान, म्हणून काढला म्हणतात. अब्बा फोनवर रडले. म्हणाले, हमीद, रोजा मोडलास?"

"सतरावा रोजा आज," हमीद जमिनीकडे बघत म्हणाला. "एक पण सोडला नाय."

"मग साहेबांना तेवढं तरी सांगायचंस!"

"सांगितला असता. पुढचा सवाल काय असता, दत्ता? पोळी तुझी नाय, तर कोणाची?"

दत्तप्रसादच्या हातातला खजूर तसाच राहिला. नोकरीची त्याला तेवढी भीती नव्हती. पण नोकरी गेली की घरातल्या सगळ्यांचा व्हिसा गेला, आणि लेकीचे, ईशानीचे, बारावीचे पेपर चालू होते.

"पोरीचे पेपर कधी संपतात?" हमीदनेच विचारलं.

"तीन आठवडे."

"मग थांब तेवढा. माझं गावचं तिकीट तसं पण काढलंय. माझं झालं ते झालं."

"अब्बांचं काय?" हलिमा म्हणाली. बस, एवढंच.

दत्तप्रसाद उठला. "भाभी, उद्या सकाळी साहेबांना सांगतो. त्यांच्यासमोरून अब्बांनापण फोन लावतो."

घरी बायकोने, मंजुषाने, सगळं ऐकलं. बराच वेळ ती ओट्याचा कोरडा कोपरा पुसत राहिली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "गूळ मीच जास्त घालायचे. म्हटलं, महाराजांचं आहे."

"पेपर होईपर्यंत राहू देतील. निदान तसं म्हणून बघतो."

"आणि नाही दिलं तर?"

मंजुषाने फडका पिळून वाळत घातला. "त्या म्हाताऱ्याला रडवून आपली पोर पास व्हायला नको," एवढं म्हणून ती आत गेली.

सकाळी ईशानी केमिस्ट्रीचं पुस्तक तोंडासमोर धरून डुलत होती. "बाबा, सो अर्ली?"

"काम आहे गं."

"विश मी लक ना."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ. इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाच्या नाड्या बांधून तो बाहेर पडला. लिफ्ट समोर उघडी होती. आत शेजारचे ओळखीचे दोघे उभे होते. त्यांनी दार धरून ठेवलं.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. कुणी हसून "काय, कसं काय?" म्हटलं असतं तरी आपले पाय मागे वळले असते, हे त्याला ठाऊक होतं. आठ मजले होते. तो जिन्याने, एकेक पायरी, खाली उतरू लागला.