सगळ्यात बारीक तार

पद्मजानं खुंटीवर चावी बसवली आणि आणखी थोडा पीळ दिला. मांडीवरच्या लायर हार्पची सगळ्यात बारीक तार सुरात येत नव्हती. मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपचा काटा खालीच राहत होता. शाळेत नववीला विज्ञानातला ताणाचा धडा शिकवणाऱ्या तिला कुठं थांबायचं ते कळायला हवं होतं, पण आज ती पीळ मोजत नव्हती. तार सटकन तुटली आणि डोळ्याखालून कानापर्यंत गाल चिरत गेली.

रक्त हनुवटीवरून वाद्यावर ठिबकलं. तिचा नवरा व्यंकटेश दाढी करता करता दारात आला.

"मी काही केलं नाही," तो आधी म्हणाला. मग हसला. "चाल, दवाखान्यात. या खेपेला तर खरंच तार हाय."

हे कारण त्यानंच शोधलं होतं. दिवाळीत तिनं आपल्या पगारातून हे छोटं वाद्य घेतलं, तारांखाली आकडे चिकटवले, व्हिडिओ पाहून बोटं बसवली. पहिलं गाणं न अडखळता वाजलं त्या संध्याकाळी नवऱ्याची हाक तिला ऐकू आली नाही. त्यानं तिचं तोंड कपाटाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. 'तार तुटली म्हणून सांग,' तो म्हणाला. पुढं भुवई फुटली तेव्हाही तार, पट्ट्याच्या बकलानं मान सोलली तेव्हाही तार. ती इतकं सफाईनं सांगायची की शाळेत कुणी विचारेनासं झालं.

बोथ गावच्या दवाखान्यात अश्विनी सिस्टर होती, शेजारच्याच गल्लीतली. तिनं कापूस भिजवला.

"काऊन वो मॅडम, तुमी वाजवून राह्यल्या का लढून राह्यल्या?"

"सांग ना," व्यंकटेश म्हणाला. "तारच तुटली."

कापूस जखमेला लागला. पद्मजानं डोळे मिटले नाहीत.

"नाही," ती म्हणाली. "यांनी मारलं."

अश्विनीचा हात थांबला.

"खोटं काऊन बोलून राह्यली? सिस्टर, आईची शप्पथ, तार तुटली! घरी चाला, दाखवतो!"

"दर खेपेला तारच तुटते, भाऊजी. बाहेर व्हा."

त्यानं ट्रे लाथाडला. कात्री, बाटल्या फरशीवर विखुरल्या. त्यानं पद्मजाची वेणी मुठीत धरून तिला स्टुलावरून ओढलं, तेव्हा बाहेरून दोघं धावत आले आणि त्याला फरफटत घेऊन गेले.

अश्विनीनं आतून कडी लावली आणि तिला उठवून बसवलं.

"पोलिसाईले बोलावतो मी. आणखी कुठं मारलं? पुराव्याले दिसलं म्हंजे बरं असते."

"दिसेल असं नाही." पद्मजानं साडीचा पदर सारखा केला. "काल बादलीत डोकं दाबून धरलं होतं. माझे हात गळून पडेपर्यंत. पाण्याचा वळ उठत नाही."

अश्विनीनं पहिला टाका घालायला सुई उचलली. बाहेर व्यंकटेश दारावर मुठी आपटत होता, जमलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा तार कशी तुटली ते सांगत होता.