घालते की घालतो

मित्रांनो, माझा आवाज थोडा घोगरा येईल, सांभाळून घ्या. माझ्या स्पीकरच्या जाळीत कुंडीतली माती जाऊन बसली आहे आणि टाचणीने कितीही टोकरली तरी ती निघत नाही. मी मोबाइल आहे. नवा होतो तेव्हा दुकानातल्या काचेच्या कपाटात ऐटीत उभा असायचो. आता काचेला तडा गेला आहे, मागचे झाकण रबराने बांधले आहे, पण मी अजून कामावर आहे. या वयात एवढेही पुष्कळ झाले.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? एका लेकीने मला विकत घेतले आणि नोकरीसाठी दूर जाताना आईच्या हातात ठेवले. या आईंना सगळे माई म्हणत. माईंनी पहिले आठ दिवस मला रुमालात गुंडाळून ठेवले. मग कुणीतरी त्यांना 'कुंडीतली मंडळी' नावाच्या ग्रुपमध्ये घेतले आणि घरात माझा भाव एकदम वधारला.

त्या ग्रुपमध्ये चाळीसेक माणसे होती. एक बेकरीवाला होता, खिडकीत नेचे वाढवणाऱ्या गणिताच्या बाई होत्या. एकमेकांना कुणी कधी पाहिले नव्हते, पण कुणाच्या गुलाबावर माव्याची कीड पडली आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. अडले की सारे माईंकडे धाव घेत. माई मातीने भरलेल्या बोटांनीच मला उचलत आणि उत्तर देत, "पाणी थांबव. मुळं कुजतायत. रडत बसू नकोस." असा ओरडा खाऊन लोक खूश होत. मी काढलेल्या फोटोंचेही फार कौतुक होई. तेव्हा माझी बॅटरी नव्हे, मीच फुगत असे.

एका सकाळी गच्चीच्या दारातच माई कोसळल्या. त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा मी कपड्यांच्या पिशवीत तळाशी होतो. तेवीस दिवस मला कुणी चार्ज केले नाही. मी रागावलो नव्हतो, मित्रांनो. मला फक्त माईंची काळजी वाटत होती.

माईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करतात. ग्रुपमध्ये माई त्यांचा उल्लेख 'आमचे घड्याळजी' असा करत. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हा माणूस, पण झाडांमधले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. चोविसाव्या दिवशी त्यांनी मला पिशवीतून काढून चार्ज केले. निरोपांचा नुसता पाऊस पडला. त्यांतला एक त्यांनी सहज मोठ्याने वाचला. बेकरीवाल्याने विचारले होते, "माई, जास्वंदीच्या कळ्या गळतायत. खत कमी पडतंय का?"

माईंनी डावे बोट उचलून हलवले. नाही.

"मग ऊन कमी पडतंय?" घड्याळजींनी घाबरत विचारले.

माईंनी होकारार्थी मान हलवली. घरी आल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या. आज प्रथमच त्यांनी कशात तरी लक्ष घातले होते. घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी माईंच्याच नावाने उत्तर लिहून टाकले.

तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता खाटेशेजारी खुर्ची लागे, घड्याळजी प्रश्न वाचत आणि माई बोटाने उत्तर देत. पण आजाराबद्दल त्यांनी ग्रुपला अवाक्षरही कळू दिले नाही. लेकीला ते फोनवर म्हणाले, "कळलं की सगळे 'लवकर बऱ्या व्हा' म्हणतील आणि काही विचारणं सोडून देतील. प्रश्न थांबले तर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करेल गं."

यात एकच अडचण होती. मराठीत बोलणारा बाई आहे की बुवा, हे क्रियापद लगेच सांगून टाकते. घड्याळजी 'बघतो' लिहीत आणि पाठवण्याआधी 'बघते' करत. एकदा त्यांनी 'चष्मा विसरले' असे लिहिले आणि स्वतःच लाजले. भिंग लावून ते प्रत्येक निरोप दोनदा तपासत. पाच महिने त्यांनी एकही चूक केली नाही.

मग लिंबाचे झाड पिवळे पडले. माईंनी बीपासून वाढवलेले, मोठ्या कुंडीतले लिंबू. माई उठून गच्चीत येईपर्यंत ते जगलेच पाहिजे, असे घड्याळजींनी मनाशी ठरवले होते. माईंना त्यांनी काही सांगितले नाही. माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि गुपचूप ग्रुपवर टाकला. गणिताच्या बाईंनी विचारले, "माई, तुम्ही विचारताय? नवलच आहे! पाणी कधी घालता?"

घड्याळजींनी घाईने लिहिले, "रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला न चुकता घालतो."

निरोप गेला. मी तो अडवू शकलो असतो तर! पण आम्ही मोबाइल हुकमाचे ताबेदार.

"घालतो?" गणिताच्या बाईंनी विचारले. "आपण कोण?"

घड्याळजींनी एकेक अक्षर शोधत लिहिले, "मी तिचा नवरा. तिची वाचा गेली आहे. पण तिला सगळं कळतं, उत्तरं तिचीच असतात. मी तुम्हाला फसवलं, माफ करा. हवं तर मला ग्रुपमधून काढा, पण तिला विचारणं बंद करू नका."

दिवसभर मी चिडीचूप पडून होतो आणि घड्याळजी दर पाच मिनिटांनी मला उचलून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझ्यावर सत्तावीस प्रश्न येऊन पडले. एकाही प्रश्नाला बोटापलीकडे उत्तर लागणार नव्हते. "माई, गुलाब छाटू का? हो की नाही?" "माई, कुंडी बदलू?" गणिताच्या बाईंनी तर 'अ' आणि 'ब' असे पर्याय दिले होते. 'लवकर बऱ्या व्हा' असे कुणीही लिहिले नव्हते. घड्याळजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. माईंच्या घशातून हल्ली 'हं' असा हुंकार निघू लागला होता, तो ग्रुपला ऐकवावा म्हणून त्यांनी रेकॉर्डिंगही सुरू केले. वाचण्याच्या भरात बेकरीवाल्याचा प्रश्न त्यांच्या तोंडून निघून गेला, "माई, घड्याळजी लिंबाला पाणी जास्त घालतायत का?"

त्यांनी जीभ चावली, पण आता काय उपयोग? माई त्यांच्याकडे रोखून पाहू लागल्या. घड्याळजींनी निमूटपणे लिंबाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. माईंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"हे... पाणी... फार घालतात."

"घालतो गं, घालतो!" असे म्हणत घड्याळजी हसू लागले आणि हसता हसता लहान मुलासारखे रडले. तेही ग्रुपवर गेले. चाळीस जणांनी ते किती वेळा ऐकले असेल, ते मलाच ठाऊक.

लिंबाला आता माई सांगतील तेव्हाच पाणी मिळते. त्यांची वाक्ये अजून तीन-चार शब्दांचीच असतात आणि त्यांतली निम्मी ओरडण्याची असतात. लेकीने नवा मोबाइल पाठवला आहे, पण घड्याळजी सकाळी मलाच उचलतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी पडले तर त्यांना औषध द्या, विश्रांती द्या, पण त्यांना ठाऊक असलेले काहीतरी रोज विचारत जा. उत्तराला वेळ लागला तर मध्येच बोलू नका. मला सुरू व्हायला हल्ली चार मिनिटे लागतात. घड्याळजी मला मांडीवर घेऊन बसतात आणि थांबतात.